उत्तर आधी की प्रयोग आधी?

अभ्यासाला बसण्यापूर्वी मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराची रचना दहा मिनिटे ऐकावी म्हणजे बुद्धी तल्लख होते, असे तुम्ही कुठे ना कुठे ऐकले असेल. सांगणारा बहुधा पुढे म्हणतो, "हे शास्त्रीय प्रयोगाने सिद्ध झाले आहे." एवढे म्हटले की वादच संपतो. प्रयोग झाला आहे, मग आणखी काय हवे?

प्रयोग झाला होता, हे खरे आहे. १९९३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत तीन संशोधकांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी घेतले. प्रत्येकाला दहा मिनिटे मोझार्टची दोन पियानोंसाठी रचलेली एक कृती ऐकवली, दहा मिनिटे शरीर सैल सोडण्याच्या सूचना ऐकवल्या आणि दहा मिनिटे नुसते शांत बसवले. दर वेळी नंतर आकृत्या आणि कागदाच्या घड्या ओळखण्याची एक चाचणी दिली. मोझार्टनंतरचे गुण, बुद्धिगुणांकाच्या मापात सांगायचे तर, आठ-नऊने जास्त भरले. हा फायदा दहा-पंधरा मिनिटांतच ओसरला, असेही त्यांनी लिहिले होते. 'नेचर' या प्रसिद्ध साप्ताहिकात त्याचे छोटेसे टिपण आले. त्यात तान्ह्या मुलांविषयी एक अक्षर नव्हते, की बुद्धी कायमची वाढते असा दावाही नव्हता.

तरीही १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अशा संगीताची ध्वनिफीत मिळावी म्हणून १,०५,००० डॉलरची तरतूद मागितली! दरम्यान इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला. कोणाला परिणाम दिसला, पुष्कळांना दिसला नाही. २०१० साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी सुमारे ४० अभ्यास एकत्र केले, तेव्हा तीन हजारांहून अधिक लोकांवरील निरीक्षणे जमा झाली. शांत बसणाऱ्यांपेक्षा संगीत ऐकणाऱ्यांचे गुण किंचित जास्त होते, पण मोझार्टच्या जागी दुसरे कोणतेही संगीत ठेवले तरी जवळजवळ तेवढाच फरक पडत होता. मोझार्टचा म्हणून जो गुण सांगितला जात होता, तो काही हाती लागला नाही.

एखादा प्रयोग असा फसला, तर त्यात विशेष काही नाही. विज्ञानात असे चालायचेच. पण माणसाच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रांत, म्हणजे मानसशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांत, असे किती वेळा घडत असेल? हा प्रश्न कोणी बाहेरच्याने विचारला नाही, त्या शास्त्रांतील लोकांनीच स्वतःला विचारला. व्हर्जिनिया विद्यापीठातील ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने २७० संशोधक एकत्र आले. तीन नामांकित मानसशास्त्रीय नियतकालिकांतील २००८ सालचे शंभर अभ्यास त्यांनी निवडले आणि शक्य तेथे मूळ लेखकांचा सल्ला व साहित्य घेऊन ते पुन्हा केले. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला. मूळ शंभरांपैकी ९७ अभ्यासांत परिणाम 'लक्षणीय' आढळला होता. पुन्हा केल्यावर तसा तो शेकडा ३६ अभ्यासांतच आढळला, आणि परिणामाचा आकार सरासरीने निम्म्यावर आला. पुढच्याच वर्षी अर्थशास्त्रातील १८ प्रयोगांची अशीच फेरतपासणी झाली. त्यांपैकी ११ टिकले. २०१८ साली 'नेचर' आणि 'सायन्स' या दोन अग्रगण्य नियतकालिकांत आलेले समाजशास्त्रांतील २१ प्रयोग तपासले, १३ टिकले.

हे आकडे वाचून तुमच्या मनात पहिला विचार येईल तो लबाडीचा. लबाडी असते, नाही असे नाही. नेदरलँड्समधील डीडरिक स्टापेल नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक प्रयोग न करताच आकडे रचत होते, हे २०११ साली उघडकीस आले आणि त्यांचे पन्नासाहून अधिक शोधनिबंध मागे घ्यावे लागले. पण अशी माणसे थोडी. माझ्या मते खरी गोष्ट अधिक चिंतेची आहे. बहुतेक संशोधक प्रामाणिक होते आणि तरीही त्यांचे निष्कर्ष टिकले नाहीत. ते कसे, हे समजून घ्यायला एक नाणे पुरेल.

समजा, तुमच्या वर्गात ४० मुले आहेत. प्रत्येकाने नाणे पाच वेळा उडवायचे. पाचही वेळा छाप पडण्याची शक्यता ३२ त १, म्हणजे अगदी कमी. पण वर्गात निदान एका तरी मुलाला पाच छाप मिळण्याची शक्यता किती? गणित करून पाहा, ती शेकडा ७२ भरते. आता त्या एकालाच व्यासपीठावर बोलावले, बाकीच्या ३९ जणांना घरी पाठवले आणि पाहुण्यांना सांगितले की "या मुलाच्या बोटांत काही तरी विलक्षण आहे, कारण असे होण्याची शक्यता ३२ त १ आहे," तर पाहुण्यांनी काय समजावे? सांगितलेला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त ३९ मुले दाखवलेली नाहीत.

समाजशास्त्रांत पुष्कळदा वापरली जाणारी कसोटी अशी: परिणाम मुळीच नसता निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता २० त १ पेक्षा कमी असेल, तर फरक लक्षणीय समजावा. कसोटी वाईट नाही. पण ज्यांना फरक दिसला त्यांचेच निबंध छापून येतात आणि ज्यांना दिसला नाही त्यांचे कागद टेबलाच्या खणात पडून राहतात. रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ सालीच या खणाकडे बोट दाखवले होते. ऐकून सर्वांनी मान डोलावली आणि खण तसाच भरत राहिला.

दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे, कारण येथे चाळीस मुले एकाच संशोधकाच्या टेबलावर असतात. प्रयोग संपला, फरक दिसला नाही. मग आणखी दहा जण घेऊन पाहू. मुलगे वेगळे आणि मुली वेगळ्या करून पाहू. तो एक जण जरा विचित्रच वागत होता, त्याला वगळू. तीन गोष्टी मोजल्या होत्या, त्यांतली तिसरी बरी दिसते, तिच्यावरच लिहू. यांतील प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर समंजस वाटतो. पण प्रत्येक वेळी नाणे पुन्हा उडवले जात असते. सिमन्स, नेल्सन आणि सायमनसोन या तिघांनी २०११ साली याचा हिशेब मांडला. अशा चार सवलती एकदम घेतल्या, तर जेथे काहीच नाही तेथेही काही तरी 'सापडण्याची' शक्यता शेकडा ५ वरून शेकडा ६१ वर जाते.

नुसत्या हिशेबाने लोकांना पटणार नाही, म्हणून त्यांनी एक खराखुरा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना बीटल्सचे 'व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर' हे गाणे ऐकवले आणि काहींना दुसरीच एक धून. नंतर सर्वांची जन्मतारीख विचारली. वर सांगितलेल्या सवलती घेऊन निष्कर्ष निघाला तो असा: गाणे ऐकल्याने माणसाचे वय सुमारे दीड वर्षाने कमी होते! तुम्ही हसाल. लेखकांनाही तेच हवे होते. आकडे खरे होते, गणित बरोबर होते, कसोटीही पार पडली होती, आणि निष्कर्ष मात्र अशक्य होता. पद्धतीतील छिद्र दाखवायला याहून चांगला प्रयोग माझ्या पाहण्यात नाही.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्या मंडळींत हे आकडे निघाले की एक प्रकारचे हसू पसरते. "ते शास्त्र थोडेच आहे!" असे म्हणून चहा मागवला जातो. मला हे हसू मान्य नाही. १९०३ साली फ्रान्समधील नान्सी येथील ब्लोंडलो या नाणावलेल्या पदार्थवैज्ञानिकांना 'एन-किरण' दिसले, आणि मग आणखी कितीतरी फ्रेंच संशोधकांना ते दिसू लागले. १९०४ साली रॉबर्ट वुड त्यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि अंधारात त्यांनी उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला. तरी किरण दिसतच राहिले!

मिलिकन यांचा तेलाच्या थेंबांचा प्रयोग तर तुमच्या पुस्तकात असेल. त्यांनी हवेच्या श्यानतेचे जे मूल्य वापरले ते थोडे चुकीचे होते, त्यामुळे इलेक्ट्रॉनवरील विद्युत्भार किंचित कमी आला. नंतरच्या लोकांनी तो मोजला, तेव्हा उत्तर एकदम दुरुस्त व्हायला हवे होते. पण ते हळूहळू, पायरीपायरीने वर सरकले. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांपुढे बोलताना याचे कारण सांगितले. ज्याचे उत्तर मिलिकनपेक्षा फार जास्त येई, तो आपले कोठे चुकले ते शोधत बसे. ज्याचे उत्तर जवळपास येई, तो फारसे शोधत नसे. पदार्थविज्ञानातील मूलकणांच्या प्रयोगांत आज नव्या शोधासाठी कसोटी २० त १ ची नसून सुमारे ३५ लाखांत १ ची धरतात. २०१२ साली हिग्ज कण जाहीर झाला तो या कसोटीवर. दुधाने तोंड पोळले म्हणून आम्ही ताक फुंकून पितो, यात आमचे जन्मजात शहाणपण काही नाही.

शिवाय आमचे काम सोपे आहे, हेही कबूल केले पाहिजे. इलेक्ट्रॉन सगळे सारखे. त्याला आपल्यावर प्रयोग चालला आहे हे कळत नाही, तो संशोधकाला खूश करायला बघत नाही आणि काल वाचलेल्या बातमीमुळे आज वेगळा वागत नाही. माणूस हे सगळे करतो. तेव्हा "माणसे आणि परिस्थिती बदलली म्हणून निकाल बदलला" असा बचाव मूळ संशोधकांनी केला, तर तो ऐकून घ्यायला हवा. पण ऐकून घेतल्यावर तोही तपासायला हवा. तसा तो तपासला गेला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या उपक्रमात २८ परिणाम ३६ देशांतील पंधरा हजारांहून अधिक लोकांवर पाहिले गेले. जवळजवळ निम्मे टिकले नाहीत. जे टिकले ते बहुधा सगळीकडे दिसले, जे पडले ते बहुधा सगळीकडे पडले. देश आणि माणसे बदलल्याचे कारण थोडेफार खरे असेल, पण एवढ्या मोठ्या पडझडीला ते पुरत नाही.

यात तुमचे-माझे काय जाते, असे विचाराल तर एक उदाहरण अर्थशास्त्रातले देतो. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी लिहिले की ज्या देशाचे सरकारी कर्ज त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या शेकडा ९० हून जास्त होते, त्या देशाची वाढ सरासरीने जवळजवळ थांबते. त्यांचा आकडा होता उणे ०.१ टक्का. युरोप-अमेरिकेतील राजकारण्यांनी सरकारी खर्चाला कात्री लावताना या निबंधाचा आधार दिला. त्या कात्रीत लोकांच्या नोकऱ्या आणि निवृत्तिवेतने येतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला गृहपाठ होता, की एखादा प्रसिद्ध निबंध घ्या आणि त्याचे आकडे पुन्हा काढून दाखवा. त्याने हाच निबंध घेतला. काही केल्या उत्तर जुळेना. अखेर त्याने मूळ लेखकांकडे त्यांचे कोष्टक मागितले आणि त्यांनी ते दिले, हा त्यांचा मोठेपणा म्हटला पाहिजे. कोष्टकात सरासरी घेताना पाच देशांच्या ओळी निवडायच्याच राहिल्या होत्या! उत्तरातील मोठा फरक मात्र या चुकीने पडला नव्हता. काही देशांची काही वर्षे गाळली होती, आणि कोणत्या देशाला किती वजन द्यायचे याची रीत वादग्रस्त होती. सगळे धरून हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ साली जो आकडा काढला, तो होता अधिक २.२ टक्के. मूळ लेखकांनी ओळी राहिल्याची चूक मान्य केली, बाकीवर वाद चालू राहिला. एवढी मोठी गोष्ट एका गृहपाठात सापडावी, आणि तोपर्यंत तीन वर्षे कोणालाही बेरीज करून पाहावीशी वाटू नये, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

शिक्षकमित्रांनीही मनाशी ताळा घालावा. काही मुले पाहून शिकणारी, काही ऐकून शिकणारी, काही हाताने करून शिकणारी असतात आणि प्रत्येकाला त्याच्या प्रकारानुसार शिकवावे, हे आपण किती प्रशिक्षणवर्गांत ऐकले आहे! २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी याचा पुरावा तपासला आणि तशी शिकवण वर्गात आणावी एवढा पुरावा नाही, असे लिहिले. उलट हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली एकट्याने, स्वतःवरच प्रयोग करून काढलेला विस्मरणाचा आलेख २०१५ साली ॲम्स्टरडॅममध्ये पुन्हा काढला, तेव्हा तो बऱ्याच अंशी तसाच निघाला. तेव्हा "समाजशास्त्रांतले सगळेच पोकळ" हे म्हणणेही तितकेच आळशीपणाचे आहे. काय टिकले हे पाहावे लागते आणि ते पाहायला वेळ द्यावा लागतो.

आता यावर उपाय काय? माझ्या मते उपाय या शास्त्रांतील लोकांनीच शोधला आहे आणि तो आम्ही पदार्थविज्ञानवाल्यांनी, विशेषतः शाळा-महाविद्यालयांतील प्रयोगशाळांनी, त्यांच्याकडून शिकावा असा आहे. २०१३ पासून 'कॉर्टेक्स' या नियतकालिकाने एक नवी रीत सुरू केली. संशोधकाने प्रयोग करण्यापूर्वीच लिहून पाठवायचे, की माझा प्रश्न हा, माणसे इतकी घेणार, मोजणार हे, गाळणार ते या नियमाने. तज्ज्ञ मंडळी ही योजना तपासतात. योजना चांगली असली, तर निबंध तेव्हाच स्वीकारला जातो. उत्तर काहीही येवो, तो छापला जातो. आज तीनशेहून अधिक नियतकालिके या रीतीने निबंध घेतात. याचा परिणाम काय झाला? २०२१ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी मानसशास्त्रातील दोन्ही प्रकारचे निबंध ताडून पाहिले. नेहमीच्या रीतीने छापलेल्या निबंधांत लेखकाचे पहिले गृहीतक शेकडा ९६ वेळा खरे ठरले होते. आधी नोंदवलेल्या निबंधांत ते शेकडा ४४ वेळाच खरे ठरले. पहिल्या आकड्याकडे नीट बघा. स्वतःचा अंदाज शंभरात शहाण्णव वेळा खरा ठरणारा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का?

आणि आता आपल्या प्रयोगशाळेत या. साध्या लंबकाने गुरुत्वत्वरण काढायचे आहे. उत्तर ९८० आले पाहिजे हे सर्वांना ठाऊक असते. १०१३ आले की विद्यार्थी स्टॉपवॉचकडे बघत नाही, शेजाऱ्याच्या वहीकडे बघतो. मग उत्तरापासून मागे गणित करून वेळेचे रकाने भरले जातात, जर्नल सुबक होते आणि त्यावर सही मिळते. (गंमत म्हणजे मुंबईत हे मूल्य ९७८.६ च्या आसपास आहे. ज्या आकड्यासाठी एवढा खटाटोप, तो येथला आकडाच नव्हे!) उत्तराला गुण दिले की उत्तर येतेच. नियतकालिकांनी 'लक्षणीय' निकालांना जागा दिली, निकाल लक्षणीय येऊ लागले. हा रोग पस्तिसाव्या वर्षी विद्यापीठात जडत नाही, तो चौदाव्या वर्षी शाळेच्या प्रयोगशाळेत जडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून माझी शिक्षकांना सूचना आहे, की प्रात्यक्षिकाचे गुण दोन भागांत द्यावेत. एक भाग प्रयोगाआधी लिहिलेल्या योजनेचा, दुसरा मोजणी आणि त्रुटींच्या अंदाजाचा. अखेरच्या आकड्याला गुण ठेवूच नयेत. यावर काही सहकारी म्हणतात, "मग मुले कसेही मोजतील." आज ती मोजतच नाहीत, त्यापेक्षा ते बरे.

लंबकाने सुरुवात करायची नसेल, तर माणसांपासून करा. १९३५ साली जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन संशोधकाने केलेला प्रयोग आजही जगभर पुन्हा पुन्हा करून पाहिला जातो आणि बहुतेक ठिकाणी टिकतो. साहित्य म्हणजे रंगीत स्केचपेने, दोन पुठ्ठे आणि स्टॉपवॉच. एका पुठ्ठ्यावर वेगवेगळ्या रंगांचे चौकोन काढा. दुसऱ्यावर रंगांची नावे लिहा, पण चुकीच्या रंगात: 'लाल' हा शब्द निळ्याने, 'हिरवा' हा लालने. वाचणाऱ्याने शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. स्ट्रूप यांच्या शंभर चौकोनांना सरासरी ६३ सेकंद लागले होते आणि शंभर शब्दांना ११०. देवनागरीत आणि तुमच्या वर्गात किती फरक पडतो, ते मोजा.

मात्र मोजण्यापूर्वी एका कागदावर लिहा: किती मुले घेणार, निम्म्यांना आधी चौकोन आणि निम्म्यांना आधी शब्द कसे देणार, कोणी मध्येच हसून थांबले तर ते निरीक्षण ठेवणार की गाळणार. कागद पाकिटात घालून बाईंकडे किंवा सरांकडे द्या. वर्गात एखाद्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नसण्याचाही संभव आहे. मुलग्यांत हे मुलींपेक्षा अधिक आढळते. त्याचे काय करायचे, तेही त्याच कागदावर आधी लिहा. त्याचे सेकंद पाहून झाल्यावर ते ठरवता येणार नाही.